पावागडाहून आलेले पणजोबा

वाचकांचे प्रश्न : शोध पूर्वजांचा

या वेळी पूर्वजांच्या शोधाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे निवडली आहेत. पहिली दोन नाशिकच्या एकाच घराण्यातील आहेत आणि एकाच व्यक्तीविषयी आहेत. लिहिणाऱ्यांनी नावे न छापण्याची विनंती केली असल्याने ती दिलेली नाहीत.

पहिले पत्र

सा. न. वि. वि.

मी निवृत्त शिक्षिका असून माझे वय ७१ वर्षे आहे. आमचे माहेरचे घराणे त्वष्टा कासार, म्हणजे तांबटांचे. नाशिकच्या तांबट लेनमध्ये आमचा वाडा होता. आता तेथे इमारत उभी आहे. आमचे पणजोबा गुजरातमधील पावागडाहून कालिकामातेचा टाक मांडीवर घेऊन, बैलगाडीतून, सात मुलगे आणि चार मुलींसह नाशिकला आले, असे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. देवीने त्यांना स्वप्नात दृष्टांत देऊन 'गंगेकाठी', म्हणजे गोदावरीकाठी, 'जा' असे सांगितले होते म्हणे. घरात नवरात्राचा नंदादीप त्यांच्या काळापासून आहे. ते पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला पायी जात. ते शंभर वर्षे जगले आणि १९१८ च्या मोठ्या साथीत गेले. माझे आजोबा हे त्यांचे सर्वांत धाकटे चिरंजीव. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १९०५, नाशिक असा आहे. माळ्यावरच्या पेटीत एक मोडी कागद सापडला. त्यावरचे 'कसबे पुणें' आणि 'शके १८१९' एवढेच एका परिचिताला लागले. याच पेटीशेजारी तांब्याची एक कळशी होती, तिच्यावर एका स्त्रीचे नाव आहे. ते नाव आमच्या घरात कोणालाही ठाऊक नाही. मला नातवंडांसाठी पणजोबांचे चरित्र लिहायचे आहे. सुरुवात कोठून करावी आणि ऐकलेल्यापैकी खरे किती मानावे?

उत्तर

आपल्या पत्रात जेवढे तपशील आहेत तेवढे सहसा कोणी कळवत नाही, त्यामुळे उत्तरही सविस्तर देता येईल. प्रथम सर्वांत मोठ्या गोष्टीविषयी लिहितो, आणि ती वाचून आपल्याला थोडे वाईट वाटेल याची मला कल्पना आहे. आपले पणजोबा पावागडाहून आले नसावेत.

पावागडाच्या पायथ्याचे चांपानेर हे संपन्न नगर गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने दीर्घ वेढ्यानंतर १४८४ मध्ये जिंकले आणि तेथे आपली राजधानी केली. पुढे १५३५ मध्ये हुमायूनने ते घेतले, राजधानी अहमदाबादला परत गेली, आणि चांपानेर हळूहळू ओस पडले. त्वष्टा कासार समाजाच्या परंपरेत पावागड सोडल्याची जी आठवण आहे, ती या उलथापालथीच्या काळाशी जोडली जाते. १४८४ आणि आपल्या पणजोबांच्या मृत्यूचे वर्ष १९१८ यांच्यात ४३४ वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात साधारण सोळा-सतरा पिढ्या होतात. ज्या पूर्वजाने पावागड सोडला त्याचे नाव आज कोणत्याही घराकडे नाही. ज्याचे नाव, चेहरा आणि स्वभाव आजी-आजोबांच्या तोंडून शिल्लक राहिला, तो पणजोबा. म्हणून सगळ्या समाजाचे स्थलांतर त्या एका माणसाच्या खांद्यावर येऊन बसले. माझ्या पाहण्यात असे पुष्कळ घराण्यांत घडले आहे. कोकणातून देशावर आलेल्या घरांत, राजस्थानातून आलेल्या व्यापारी घरांत, पैठणहून येवल्याला गेलेल्या विणकरांच्या घरांत शतकांपूर्वीचा प्रवास शेवटच्या आठवणाऱ्या पूर्वजाच्या नावावर जमा होतो.

म्हणून ती कथा खोटी म्हणून टाकून देऊ नका. ती समाजाची खरी आठवण आहे, फक्त चुकीच्या माणसाच्या नावाखाली लिहिली गेली आहे. चरित्रात तिला स्वतंत्र प्रकरण द्यावे आणि 'आमच्या घरात असे सांगत' या शब्दांनी ते सुरू करावे. आपली आजी किंवा आत्या घरात काही निराळे शब्द वापरत होत्या का, स्वयंपाकात, सणात किंवा लग्नात गुजराती वळणाचे काही होते का, कुलदैवत म्हणून कालिकेचे नाव कोणत्या प्रसंगी घेतले जाई, हे सारे त्या प्रकरणात नोंदवा. पावागडाच्या माथ्यावर कालिकामातेचे मंदिर आजही आहे आणि २००४ पासून तो सर्व परिसर जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे. नातवंडांना घेऊन एकदा अवश्य जा, मात्र पणजोबांचे घर शोधण्यासाठी जाऊ नका.

आता पणजोबांचा स्वतःचा प्रवास कोणता, ते पाहू. त्याचा धागा आपल्याजवळच्या मोडी कागदात असण्याची शक्यता आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी प्रसिद्ध आहे, आणि 'कसबे पुणें' हे शब्द त्या दिशेला बोट दाखवतात. मात्र एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. हा कागद कर्जरोखा असू शकेल, तांब्याच्या पत्र्याच्या खरेदीचा असू शकेल, किंवा पुण्याच्या एखाद्या सोयऱ्याने लिहिलेला असू शकेल. अशा वेळी 'कसबे पुणें' हे समोरच्या माणसाचे ठिकाण ठरेल. संपूर्ण कागद जाणकाराकडून वाचून घ्या आणि वाचताना वर्षाबाबत विशेष काळजी घ्यायला सांगा. हातच्या लिखाणात १ आणि ९ यांची गल्लत फार होते. म्हणजे १८१९ हे प्रत्यक्षात १८११ असू शकते. याची पडताळणी सोपी आहे. जुन्या कागदांत शकाबरोबर बहुधा संवत्सराचे नाव असते. शके १८१९ हे हेमलंबी संवत्सर होते आणि शके १८११ हे विरोधी. कागदावर हेमलंबी असे असेल तर वर्ष निश्चित झाले. शकात ७८ मिळवले की गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचे इसवी सन मिळते आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. त्यामुळे महिना आणि तिथी वाचल्याशिवाय इसवी सन लिहू नका.

वर्ष शके १८१९ ठरले तर ते १८९७-९८ होईल, आणि तेव्हा पुण्यात प्लेग होता. साथीच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडवर २२ जून १८९७ च्या रात्री गोळी झाडली गेली, ती याच वर्षात. त्या काळात पुण्यातून असंख्य कुटुंबे बाहेर पडली. आपले पणजोबा त्यांच्यात होते असे मी म्हणत नाही. परंतु तसे असेल तर घरातील आठवणीचे दोन-तीन तुकडे आपोआप जुळतात. बैलगाडी खरी वाटू लागते. कल्याणमार्गे आगगाडीची सोय १८६५ पासूनच होती, कारण थळघाट त्याच वर्षी खुला झाला. पण ऐरण, हातोडे, सांडशी, भाते आणि अकरा-बारा माणसे घेऊन निघालेल्या कारागिराला नारायणगाव, संगमनेर, सिन्नर हा गाडीरस्ताच सोयीचा पडला असणार. तो सुमारे २१० किलोमीटरचा आहे आणि बैलगाडीने आठ-दहा दिवसांचा. (पुणे आणि नाशिक यांच्यामध्ये थेट लोहमार्ग आजही नाही, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.) आजोबांचा १९०५ चा नाशिकमधील जन्मही या हिशोबात बसतो. मात्र 'अकराही मुलांसह आले' हे मग बसत नाही, कारण धाकटे चिरंजीव तर येथे जन्मले.

देवीच्या दृष्टांताविषयी आपण स्पष्ट विचारलेले नाही, पण प्रश्नाच्या तळाशी ते आहे असे मला वाटते. प्लेगचे कारण सापडले म्हणून दृष्टांत खोटा ठरत नाही. भरल्या घराचा कर्ता माणूस साथीच्या दिवसांत देवीपुढे बसतो, रात्रभर झोपत नाही, पहाटे डोळा लागतो आणि त्याला वाट दिसते. यात न पटण्यासारखे काय आहे? आणि त्याला दिसलेली वाट व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाची होती. नाशिक हे क्षेत्र आहे. वर्षभर यात्रेकरू येतात आणि ताम्हण, पळी, पंचपात्र, समई, अभिषेकपात्र, गोदावरीचे तीर्थ नेण्यासाठी गडू असे काही ना काही घेऊन जातात. सिंहस्थात तर मागणी कितीतरी पट वाढते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकविषयीचा सोळावा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात येथील तांब्या-पितळेच्या कामाचे कौतुकाने वर्णन केलेले आहे. गोदाकाठचा भांडी बाजार आजही तेच सांगतो, आणि पूर आला की पहिली बातमीही त्याच बाजाराची येते. भक्ती आणि पोट यांची वाट एकच असणे हे कारागिराच्या घरात नवलाचे नव्हते. दृष्टांत घरच्यांच्या शब्दांत लिहा, प्लेग कागदाच्या आधाराने लिहा, आणि वाचणाऱ्याला दोन्ही जवळजवळ ठेवून दिसू द्या.

कोणत्या वर्षी आले हे ठरवण्याची सर्वांत भरवशाची रीत मुलांच्या जन्मांवरून जाते. अकरा अपत्यांपैकी नाशिकच्या जन्मनोंदीत पहिल्यांदा कोण दिसते, ते शोधा. नाशिकची नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली. १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. जन्म-मृत्यू विभागात जुन्या नोंदवह्या पाहण्यासाठी लेखी अर्ज करा. या नोंदींत बाळाचे नाव बहुधा नसते, बापाचे नाव आणि 'पुरुष' किंवा 'स्त्री' एवढेच असते, म्हणून बापाच्या नावानेच शोधावे लागेल. त्याच बरोबर थोरल्या मुलांचे शाळेचे जनरल रजिस्टर पाहा, त्यात जन्मस्थळाचा रकाना असतो. शेवटचे पुण्यात जन्मलेले मूल आणि पहिले नाशिकमध्ये जन्मलेले मूल या दोहोंच्या मधल्या वर्षांत ती बैलगाडी कुठेतरी आहे.

वयाबद्दल थोडक्यात लिहितो. १९१८ मध्ये शंभर वर्षांचे असतील तर १९०५ मध्ये, आपल्या आजोबांच्या जन्माच्या वेळी, ते सत्त्याऐंशीचे होते असे होईल. साठी ओलांडलेला आणि दात पडलेला माणूस नातवंडांच्या डोळ्यांना शंभरीचाच दिसतो. मृत्युनोंदीत वय मिळेल, पण तेही घरच्या माणसाने अंदाजाने सांगितलेले असेल.

मृत्युनोंदीकडे मात्र निराळ्या कारणाने नीट पाहा. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यात त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या महिन्यांत सर्वांत तीव्र होती. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत वीस ते चाळीस वयाची, धडधाकट माणसे फार होती. एवढ्या भरल्या वाड्यात वृद्ध कर्ता एकटाच गेला असेल असे संभवत नाही. त्या नोंदीच्या मागची-पुढची पाने वाचा आणि तोच पत्ता, तेच आडनाव पुन्हा येते का ते पाहा. घरात पणजोबांचा मृत्यू सांगितला जातो, कारण ते कर्ते होते. त्याच आठवड्यात एखादी सून किंवा तिचे तान्हे मूल गेले असेल तर ते कोणी सांगितलेले नसते. आपण ज्यांचे चरित्र लिहिणार आहात त्यांच्या शेवटच्या दिवसांत घरात काय चालले होते, हे त्या शेजारच्या ओळींवरून कळेल.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांबद्दल आपण लिहिले नाही, बहुधा 'आम्ही तर नाशिकचेच' असे वाटून. ही समजूत पुष्कळांची असते. रामकुंडावरील उपाध्यांच्या नामावळीत मूळ गाव आणि आडनाव यांवरून यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात, पुष्कळदा यात्रेकरूच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. येथेच राहणाऱ्यांची नोंद त्यांत असेलच असे नाही, पण पुण्याहून अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाला आलेल्या भाऊबंदांची असू शकेल आणि त्यांनी 'चुलत बंधू हल्ली मु. नाशिक' असे लिहिले असेल तर आपले काम झाले. म्हणून उपाध्ये शोधताना नाशिकचे म्हणून विचारू नका, पुण्याचे म्हणून विचारा. आपल्या घरातील कोणी काशी, गया, प्रयाग किंवा पंढरपूर केले असेल तर तेथेही नोंद असेल. वही ही त्या घराण्याची पिढीजात ठेव आहे, तेव्हा त्यांच्यासमोर बसून वाचा, फोटो विचारून काढा आणि दक्षिणेत कंजुषी करू नका.

वाड्याचा इतिहास नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिकेवर मिळेल. सात भावांच्या वाटण्या कधी झाल्या ते तेथे दिसेल. चार मुली मात्र तेथे सापडणार नाहीत. त्या काळी मुलगे असताना वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचे नाव लागत नसे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर पुढच्या पिढीच्या वारस नोंदींत मुलींची नावे येऊ लागतात, आणि पुष्कळदा हक्कसोडपत्रावरच पहिल्यांदा येतात. आपल्या पणजोबांच्या चार मुली कोठे दिल्या होत्या, त्यांची सासरची आडनावे काय, हे आज आपल्या पिढीतील ज्येष्ठांना विचारले नाही तर ते पुढे कोणालाही सापडणार नाही. मी आपल्या जागी असतो तर कागदांच्या मागे लागण्याआधी या चार नावांच्या मागे लागलो असतो.

आणि कळशीविषयी. तांबटाच्या घरात स्त्रियांची नावे कागदावर नसली तरी भांड्यांवर असतात, आणि ही गोष्ट आपल्या घराण्याच्या चरित्रासाठी फार मोलाची आहे. लग्नात, डोहाळजेवणात, पहिल्या दिवाळसणात दिलेल्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र होती आणि आहे. कधी देणाऱ्याचे नाव असते, कधी घेणारीचे, कधी शक आणि तिथीही असते. माझ्या आजीच्या माहेरची सगळी माणसे आज विस्मरणात गेली आहेत. तिच्या वडिलांचे संपूर्ण नाव मला एका पितळी पातेल्याच्या काठावर मिळाले. घरातील सर्व शाखांना सांगा की माळ्यावरची, कपाटाखालची, देवघरातील प्रत्येक जुनी वस्तू एकदा पालथी घालून पाहावी. स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर आली तेव्हा तांब्या-पितळेची किती भांडी मोडीत गेली याची मोजदाद नाही. प्रत्येक भांड्याबरोबर एखादे नावही वितळले. जे उरले आहे ते मोडीत घालण्याआधी टिपून ठेवा.

पणजोबांच्या धार्मिकतेबद्दल आपल्याकडे नंदादीप आणि वारी या दोन गोष्टी आहेत. त्यांत आणखी भर घाला, पण विशेषणांनी नव्हे. वर्षातून कोणकोणत्या दिवशी भट्टी पेटत नसे? खंडेनवमीला हातोडे-ऐरणीची पूजा कोण करीत असे आणि नैवेद्य काय असे? माघ शुद्ध त्रयोदशीला विश्वकर्मा जयंती घरात होत असे की समाजाच्या वाड्यात? देवळासाठी घडवलेल्या वस्तूची मजुरी ते घेत की नाही? त्र्यंबकेश्वरला जाऊन यायला दोन-तीन दिवस लागत, तेव्हा दुकानावर कोण बसे? घरातील सर्वांत वृद्ध माणसाला हे विचारले तर उत्तरे मिळतील आणि त्या उत्तरांतून माणूस उभा राहील. 'ते अत्यंत धार्मिक वृत्तीचे होते' या वाक्यातून नातवंडांना काहीच दिसणार नाही.

दुसरे पत्र

माझ्या चुलत बहिणीने आपल्याला आमच्या पणजोबांविषयी लिहिले आहे, असे तिने मला सांगितले. कळशीवरचे नाव कोणाचे, ते मला माझ्या वडिलांकडून ठाऊक आहे. पणजोबांच्या तिसऱ्या मुलाने एका विधवेशी लग्न केले होते. पणजोबांनी त्याला दुकानातून आणि घरातून काढले, देवीच्या नवरात्रातही त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. ते नाव त्या सुनेचे. आम्ही तिसऱ्या भावाला कायमच 'लहानपणी वारला' असे सांगत आलो. एवढ्या मोठ्या, देवधर्म पाळणाऱ्या घराची शंभर वर्षांची अब्रू एका पुस्तिकेसाठी उघडी करावी का? आपण तिला हा भाग वगळायला सांगावे, ही विनंती.

उत्तर

आपल्या पत्रातील काळजी खरी आहे, आणि आपण जे ठाऊक आहे ते लपवून न ठेवता कळवले याबद्दल मी आपला आभारी आहे. परंतु वगळण्याचा सल्ला मी देणार नाही.

जो मनुष्य जगला, ज्याने लग्न केले, त्याला 'लहानपणी वारला' असे लिहिणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा घराबाहेर काढणे होय. पहिल्या वेळी पणजोबांनी काढले, त्या वेळच्या धाकात काढले. दुसऱ्या वेळी ते आपण करू, आणि आपल्याला तर कसलाच धाक नाही. त्यांना मुले झाली असतील तर त्यांचे वंशज आज कोठेतरी आहेत, आणि आपल्या घरात जसे पणजोबांना शोधणारे कोणी आहे तसे त्यांच्याकडेही असेल. आपल्या पुस्तिकेत त्यांना 'बालपणी मृत' असे सापडावे, हे मला रुचत नाही.

तरी पणजोबांचाही न्याय व्हायला हवा. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्येच मिळाली होती, पण कायद्याने सोयरीक जुळत नसे. घरात चार मुली होत्या. त्यांतल्या किती जणींची लग्ने व्हायची होती, याचा शोध घ्या. ज्या घराने विधवा सून मानली त्या घरातील मुलीला स्थळ येईल का, ही धास्ती त्या वेळच्या बापाला रात्रंदिवस असे. समाजाने वाळीत टाकले तर अंत्ययात्रेला खांदा मिळणार नाही, पत्र्याचा पुरवठा करणारा व्यापारी उधार देणार नाही, हेही त्याला ठाऊक असे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्याने स्वतंत्र कायदा केला तो २०१६ मध्ये, एवढे सांगितले तरी ही रीत किती चिवट होती ते कळते. यामुळे पणजोबांनी केले ते योग्य ठरत नाही, आणि चरित्रात ते योग्य ठरवण्याची गरजही नाही. मुलींच्या लग्नांची वर्षे आणि त्या मुलाच्या लग्नाचे वर्ष मिळाले तर ती शेजारी शेजारी लिहा. एवढ्याने पुष्कळ कळेल.

एक सावधगिरी मात्र आपण दोघांनीही बाळगावी. ती कळशी माळ्यावर सापडली, म्हणून पणजोबांनी अखेरीस सुनेला क्षमा केली आणि तिच्या नावाने कळशी घडवली, असे लिहिण्याचा मोह होईल. तसे लिहू नका. कळशी एवढेच सांगते की कोणीतरी त्या बाईच्या नावाने ती घडवली आणि कोणीतरी ती टाकून दिली नाही. घडवणारा तिचा नवराही असू शकेल. तो तांबटाचाच मुलगा होता. ठेवणारी पणजी असू शकेल, जिचे नाव आपल्या दोघांच्याही पत्रात एकदाही आलेले नाही. आणि आपल्या वडिलांची आठवण चुकलीही असू शकेल. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती, त्यामुळे ते घरातल्याच एखाद्या सुनेचे माहेरचे नाव असण्याचीही शक्यता आहे. वडिलांनी हे केव्हा, कोणापुढे, कोणत्या शब्दांत सांगितले ते आपल्या हाताने लिहून, सही करून बहिणीकडे द्या. ते जसेच्या तसे चरित्रात जावे.

घराची अब्रू जाईल असे मला वाटत नाही. सात मुलगे, चार मुली, सुना आणि नातवंडे यांचे घर चालवणारा, हाताने हंडे-घंगाळे ठोकणारा, त्र्यंबकची वाट पायी चालणारा आणि आपल्या मुलाला दार बंद करणारा असा एकच मनुष्य होता. आपल्या बहिणीने त्यातला अर्धाच लिहिला तर ते चरित्र देवघरात ठेवण्याजोगे होईल, पण नातवंडे ते एकदाच उघडतील. पणजीचे नाव तेवढे दोघांनी मिळून शोधा. अकरा बाळंतपणे झालेल्या आणि परगावी नवा संसार मांडलेल्या त्या बाईंबद्दल दोन्ही पत्रांत एक ओळही असू नये, याचे मला जास्त वाईट वाटले.

तिसरे पत्र

(पंचवटीतील एका वाचकाने विचारले आहे की जुन्या तांब्याच्या बंबावरची अक्षरे काळवंडून पुसट झाली आहेत, ती वाचण्यासाठी बंब चिंच लावून घासावा की दुकानात पॉलिश करून घ्यावा?)

उत्तर

दोन्ही करू नये. नाव ठिपक्या-ठिपक्यांनी टोचून घातलेले असते आणि तांबटाचे मठारकामही तसेच ठोक्यांचे असते. दोन्हींची खोली फार थोडी असते, त्यामुळे यंत्रावरच्या पॉलिशने अक्षरे कायमची जातात आणि चिंचेने वारंवार घासल्यासही ती झिजतात. कोमट पाण्याने धुऊन मऊ फडक्याने कोरडा करावा. अक्षरांवर पातळ पांढरा कागद घट्ट धरून मऊ शिशाची पेन्सिल आडवी, हलक्या हाताने फिरवावी, म्हणजे कागदावर ठसा उमटतो. ओळ मोडीत आहे की बाळबोधीत हे त्या ठशावरून बहुधा कळते. फोटो काढायचा असेल तर समोरून प्रकाश टाकू नये. सकाळचे तिरपे ऊन खिडकीतून येत असेल तेथे बंब आडवा ठेवावा आणि तो थोडा थोडा फिरवत चार-पाच फोटो काढावेत. एका फोटोत न दिसलेले अक्षर दुसऱ्यात दिसते. बंबाच्या तोटीखालची बाजू पाहायला विसरू नये, तेथे पुष्कळदा घडवणाऱ्याची खूण असते.